विवेकाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

१९८७ सालची गोष्ट. नोकरीला लागून अडीच महिने झाले होते. खंडेनवमीच्या आदल्या दुपारी कचेरीत टाइपरायटर, पंचिंग मशीन, शिक्के, तिजोरीच्या किल्ल्या असं सगळं एका लांब टेबलावर मांडून पूजा चालली होती. मी तेवीस वर्षांचा, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठांतराची बक्षिसं मिळवलेला. पूजेच्या जागी थांबायचं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक. म्हणून बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिलो, दीड तास. जरा छाती काढूनच.

आत आलो तेव्हा कळलं, की माझा टाइपरायटर पुसायचा राहिला म्हणून शिपाईमामांना सगळ्यांदेखत बोलणी बसली होती. ज्याचं मशीन त्यानं पुसायचं अशी तिथली रीत, आणि मी तर लिंबाखाली. मामा मला एवढंच म्हणाले, "तुमच्या देवानं तुमास्नी भाईर उभं ऱ्हा म्हणून सांगितलं, बरं केलं. पर फडकं माझ्या हातात दिलं की वो."

पुढे ३५ वर्षं सरकारी नोकरी केली. खातं सांगत नाही. सगळीकडे उन्नीस-बीस तेच असतं. विवेकाबद्दल जे काही शिकलो त्याची सुरुवात त्या फडक्यापासून झाली. तत्त्वानं वागायला पैसे पडतात. ते कुणीतरी भरतंच. तत्त्व माझं आणि बिल मामांच्या नावावर, असं झालं तर त्यात काहीतरी चुकतंय.

आता रविवारी उपासना सुटली की मंडळीतली दोन-तीन पोरं मला गाठतात. एक तलाठी झालाय, एक बँकेत आहे, एक मुलगी नर्स आहे. प्रश्न एकच : "काका, तिथं आपण वागायचं कसं?" चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहितोय. मी पाळक नाही, कारकून होतो. तेव्हा शास्त्र थोडं, टेबलावरचं ज्ञान जास्त.

आधी ओळखा, हा विवेकच आहे ना

एक वही करा. "हे माझ्यानं होणार नाही" असं वाटलं की तीन रकाने भरा. काय करायचं नाही. का नाही. आणि मी नाही म्हटलं तर काम कुणाचं वाढेल, बोलणी कुणाला बसतील. तिसऱ्या रकान्यात दुसऱ्याचं नाव आलं की पेन खाली ठेवा आणि आधी त्याची सोय लावा. नाही म्हणायचं रद्द करा असं मी सांगत नाही. सोय लावा.

दुसरा रकाना भरताना फसगत होते. माझी आजी मिशन कंपाउंडमध्ये वाढली. तिच्या लेखी दारात रांगोळी पाप, पत्ते पाप, सिनेमा तर महापाप. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. वाइल्डर मेमोरियल चर्चवर त्यांचंच नाव आहे. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, आणि जोडीला त्यांच्या गावाकडच्या सवयीही दिल्या. आजीनं सवयी आणि आज्ञा एकाच गाठोड्यात बांधल्या. तिकडे नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते अभंग आणि कीर्तन बरोबर घेऊनच. त्यांची भजनं आम्ही आज पेटी-तबल्यावर म्हणतो. आजीही म्हणायची, डोळे मिटून. रांगोळी तेवढी चालत नव्हती.

तेव्हा "आमच्यात चालत नाही" हे कारण लिहिलंत तर खोडा. ते घराणं झालं. शास्त्रातलं काय, आणि ते इथं का लागू पडतं, ते लिहा.

दुसरी फसगत भीतीची आणि तिसरी आळसाची. ही माझ्यावरच बेतलेली. एका निवडणुकीच्या वेळी प्रशिक्षण रविवारी आलं. मला कंटाळा होता. अर्जात उपासनेचं कारण दिलं, ते मंजूरही झालं, आणि त्या रविवारी मी उपासनेलाही गेलो नाही. रंकाळ्यावर भेळ खात बसलो होतो. त्या अर्जाची आठवण आली की अजून कान गरम होतात.

प्रसाद, पूजा, वर्गणी

इथं आपल्या माणसांत फार वाद, आणि मला विचाराल तर सगळ्यात सोपा विषय हाच. बायबलच्या काळात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीपुढे मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न होता. प्रेषित पौलानं त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात तो चांगला पिंजून काढलाय. तो म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नव्हे हे आपल्याला माहीत आहे. पण तुझ्या खाण्यानं ज्याचं मन अडखळेल त्याचा विचार कर. म्हणजे तिसरा रकाना पौलानंच आखून ठेवलाय. मी पेढा घेतो. माझी बायको घेत नाही. आम्ही एकाच बाकावर बसतो आणि यावरून भांडत नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय त्यासाठीच आहे.

घ्यायचा नसेल तर कसं सांगायचं? ऐनवेळी हात मागे घेऊ नका. चाळीस लोकांसमोर वाटणाऱ्याचा हात हवेत राहतो, आणि तो अपमान त्याचा होतो. आदल्या दिवशी जो पूजा करणार आहे त्याला गाठा. "उद्या मी असणार आहे, पण प्रसाद घेत नाही, गैरसमज नको. चहाचं मी बघतो." कोल्हापुरात एवढं बोललात तर माणूस उलट तुमच्यासाठी वेगळा वडा मागवून ठेवतो. बायबलमधल्या दानीएलानंही बाबेलच्या राजाचं ताट लाथाडलं नव्हतं. तो आधी कारभाऱ्याकडे गेला, दहा दिवस भाजीपाला देऊन बघा म्हणाला, कारण कारभाऱ्याच्या वरच्या सरदाराला आपलं डोकं उडायची भीती होती. पुन्हा तिसरा रकाना.

पूजेच्या वेळी थांबायचं की नाही? बायबलमधल्या दुसऱ्या राजांच्या पाचव्या अध्यायात अरामी सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्याची क्षमा व्हावी. अलीशा म्हणतो, शांतीनं जा. व्याख्यान देत नाही.

आणि एक खटला सांगतो, कारण पोरांना तो माहीत नसतो. केरळमधली तीन शाळकरी भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची. राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणतात तो. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. मी स्वतः राष्ट्रगीत मोठ्यानं म्हणतो, त्या पंथाशी माझं पटत नाही. पण न्यायालयानं एक गोष्ट आवर्जून बघितली : ती पोरं म्हणत नव्हती, पण बाकीच्यांबरोबर अदबीनं उभी राहत होती. ती रांगेत होती. मी लिंबाखाली होतो.

दुसऱ्या वर्षी मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नऊला कचेरीत गेलो. मामांबरोबर सगळी मशीनं पुसली, खोली झाडली. आरतीच्या वेळी दाराशी उभा राहिलो. वर्गणीचं मी असं ठरवलं : मूर्तीला नाही, पण त्याच दिवशीच्या जेवणाला इतरांएवढीच. एक रुपया कमी नाही. विवेकातून पैसे वाचायला लागले की संशय घ्यावा.

पाकीट

शब्बाथ शाळेत हा धडा कुणी घेत नाही. तुम्हाला वाटतं, कुणीतरी समोर बसून लाच देऊ करील आणि तुम्ही बाणेदारपणे नाही म्हणाल. तसं काही होत नाही. फाईल चार टेबलांवरून जाते. तुम्ही काही मागितलेलं नसतं. महिनाअखेरीला शेजारचा भाऊ ड्रॉवर उघडून पाकीट सरकवतो, "हे तुमचं." देणारा कोण, कशाबद्दल, ठाऊक नाही. परत करायचं कुणाला?

मी ते दोन दिवस पिशवीत घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी त्याच भाऊला परत दिलं आणि म्हणालो, "माझ्या वाटणीचं तुम्हीच बघा." केवढा मूर्खपणा. पुढचे चार महिने माझ्या नावावर पाकीट निघत राहिलं आणि भाऊ दोन वाटण्या घेत राहिला. कागदावर, म्हणजे त्यांच्या त्या अदृश्य कागदावर, मी खातच होतो. तेव्हा सांगायचं वाक्य हे : "यादीतनं माझं नाव काढा." नको म्हणून भागत नाही. नाव काढायला सांगा, आणि यादी जो करतो त्यालाच सांगा.

"मी ख्रिश्चन आहे म्हणून घेत नाही" हे चुकूनही म्हणू नका. एक तर समोरच्याच्या देवाला तुम्ही विनाकारण चोर ठरवता. दुसरं म्हणजे ते खरं नाही. घेणारे आपलेही मी पाहिलेत, आणि न घेणारा माझा पहिला साहेब दर शनिवारी उपवास करून मारुतीला जाणारा होता. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल परराष्ट्रीयांच्या अंतःकरणावर नियमशास्त्र लिहिलेलं आहे म्हणतो, ते मला त्या साहेबामुळे कळलं.

नाव काढलं की दोन महिन्यांत टेबल बदलतं, हे धरून चाला. माझं आवक-जावकला गेलं, सहा वर्षं. तिथं कागदाला नंबर द्यायचा आणि पुढं ढकलायचा. खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष रडवेला होऊन घरी जायचो.

स्वतःला सांभाळायच्या काही रीती आहेत. तोंडी आदेश आला आणि तो पटला नाही, तर वाद घालू नका, टिपणी लिहा. नियम काय सांगतो, कागदात काय कमी आहे, आणि खाली "आदेशार्थ सादर". निर्णय साहेबांचा, अक्षर तुमचं. साहेब वेगळा निर्णय घ्यायला मोकळे आहेत, पण सही त्यांची राहते. आवाज चढवून जे होत नाही ते तीन ओळींच्या टिपणीनं होतं. वाकडी फाईल माझ्याकडे यायचीच बंद झाली. कटकट नको म्हणून माझं टेबल वगळूनच ती फिरायची. हा विजय की पळवाट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या बाजूनं तुम्ही कधी देणाऱ्याच्या जागी असाल. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

मी स्वतः कुणाची तक्रार केली का? नाही केली. "आपण आपलं स्वच्छ राहावं" असं मी स्वतःला समजावत असे. त्यात विवेक किती आणि भीती किती होती, याचा हिशोब जमत नाही. त्या कचेरीत हेलपाटे घालणारा शेतकरी माझ्या स्वच्छ हातांचं काय करणार होता?

आणि घरचं. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पाकीट नाकारलं मी, पण दोन खोल्यांत सोळा वर्षं संसार केला बायकोनं. मुलीची देणगीवाली शाळा हुकली ती मुलीची. मी बायकोला विचारलं नव्हतं; ठरवून टाकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, जसं काही मोशे देवाच्या आज्ञा घेऊन डोंगरावरून उतरलाय. ती म्हणाली, "बरोबरच केलंत. पण विचारलं असतं तरी मी हेच म्हणाले असते." बिल दोघांत फाटणार असेल तर सही दोघांची घ्या, आधी.

आपल्याच माणसाला नाही म्हणताना

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. ओसरल्यावर पंचनाम्यांसाठी सगळ्या खात्यांतली माणसं ओढली, त्यात मी. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ घरी आले. राहायला दुसऱ्या मजल्यावर, पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. "नाव घाल रे, सरकारचं तर आहे. आणि आपल्या लोकांना कोण देतंय?"

हे शेवटचं वाक्य फार जड असतं. आपण मूठभर, आपल्याला कुणी वाली नाही, हे अगदीच खोटं नसतं, म्हणूनच ते धोक्याचं. मी त्यांना सोबत घेऊन खालच्या गल्लीत गेलो. एका घरात भिंतीला छातीएवढा चिखलाचा पट्टा होता आणि बाई ओले तांदूळ उन्हात पसरत होत्या. मी काही बोललो नाही. ते गृहस्थही बोलले नाहीत, पण पुढचं वर्षभर चर्चमध्ये माझ्या बाकावर बसले नाहीत. असंच होतं. साहेबाला नाही म्हटलं तर टेबल जातं, आपल्या माणसाला नाही म्हटलं तर बाक जातो. दुसरं जास्त लागतं.

आता अवघड जागेचं दुखणं. जातीचा दाखला. संविधान (अनुसूचित जाती) आदेश १९५० चा. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच आहेत. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०२ साली राखीव जागांचा हुकूम काढला तिथं बसून हे वाचताना मला नेहमी चमत्कारिक वाटतं. देव बदलला म्हणून गावकुसाबाहेरचं घर आत आलं नाही. मग दाखला का गेला? हा नियम अन्यायाचा आहे असं माझं मत आहे आणि तो बदला म्हणणाऱ्या निवेदनांवर मी निवृत्तीनंतर सह्या केल्यात.

पण पोरगी येते आणि विचारते, "काका, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनीच जात आहे. रविवारी आम्ही चर्चला येतो. मी अर्जात काय लिहू?" माझी पेन्शन चालू, माझं घर बांधून झालेलं. मी तिला "खरं लिही आणि सोस" म्हणणं म्हणजे माझ्या विवेकाचं बिल तिच्या नावावर फाडणं. आणि "लिही, कोण बघतंय" म्हणणं म्हणजे तेच बिल त्याच जागेसाठी अभ्यास करणाऱ्या, तिच्याच गल्लीतल्या, बौद्ध किंवा हिंदू पोरीच्या नावावर. मी तिला कायदा आहे तसा समजावतो. जात पडताळणीत काय निघू शकतं, नोकरी लागून दहा वर्षांनी काय होऊ शकतं, तेही सांगतो. मी काय केलं ते सांगतो : खुल्या गटातून लागलो, तिसऱ्या प्रयत्नात. मग घरी जाऊन आईवडिलांबरोबर बस म्हणतो. ती काहीही ठरवो, रविवारी मी तिच्या शेजारी बसणार. एवढं मात्र मी आधीच ठरवून ठेवलंय.

चौकात बोलायचं तर

नोकरीत असताना राजकारणात उतरायला मनाई असते. वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, वाचून घ्या. निवृत्तीनंतर माझं तोंड सुटलं.

आमच्या भागातल्या बायकांनी दारू दुकान बंद करायचं ठरवलं. महाराष्ट्रात त्यासाठी रीत आहे : २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. आडवीला नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागत. म्हणजे जी बाई घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीलाच गेलं. आमच्या तरुण संघाला सभेत वचनं वाचायची होती. मी म्हटलं, थांबा, आधी ऐका. एक आजी उठल्या, म्हणाल्या, "पगार सात तारखेला होतो आणि आठला संपतो." सगळी सभा गप्प. त्यापुढे नीतिसूत्रांतलं वचन वाचायची कुणाची छाती नव्हती, आणि गरजही.

म्हणजे वचन लपवायचं असं नाही. कुणी विचारलं, तुम्ही यात का, तर सांगा. पेत्र म्हणतो तसं सौम्यतेनं. पण मागणी अशा शब्दांत मांडा की अंबाबाईला जाणारी आणि दर्ग्याला जाणारीही तिच्यावर सही करू शकेल. दसरा चौकातल्या टोलविरोधी मोर्चात कुणी धर्म विचारला नव्हता. आणि ज्याचा देवावर विश्वासच नाही त्याच्या विवेकाला कमी लेखू नका. गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी याच शहरात गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर सकाळच्या फेरीला निघालेल्या लोकांत मी दोन-तीनदा चाललो. माझ्या शेजारी जो चालत होता तो प्रार्थनेला थोतांड म्हणणारा. पाय दोघांचेही दुखले.

मतदानाचं थोडक्यात : पाकीट आलं तर वर सांगितलंय. मटणाचं ताट आलं तर तेही पाकीटच, रस्सा कितीही झणझणीत असो. पाळकांनी व्यासपीठावरून उमेदवार सांगू नये. उमेदवारानं किंवा त्याच्या वतीनं धर्माच्या नावावर मत मागणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ आणखी व्यापक केलाय. शपथेबद्दल कुणाला अडचण असेल, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या 'शपथ वाहू नका' या वचनामुळे, तर साक्षीला उभं राहताना शपथेऐवजी दृढकथन करता येतं. १९६९ चा शपथ कायदा आहे. आधी कारकुनाला सांगा, न्यायाधीशासमोर नाटक नको.

रविवार

आणि तो प्रशिक्षणाचा रविवार. भेळेच्या प्रकरणानंतर मी अर्जाची भाषा बदलली. सुट्टी मागायची नाही, अदलाबदल मागायची. नमुना देतो, उतरवून घ्या : "दि. अमुक रोजी रविवार असल्याने सकाळी आठ ते अकरा मी उपासनेस जातो. तरी माझे नाव दुसऱ्या तुकडीत घ्यावे. त्याबदली लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रात्रीची ड्यूटी माझ्याकडे द्यावी, म्हणजे सहकाऱ्यांना घरी जाता येईल."

अकरा वर्षं लक्ष्मीपूजनाला मी ड्यूटी केली. पहिल्या वर्षी साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पाडवा पण घेता का?"

घेतला.